फोन जप्त करणं वेगळं आणि लॉक काढायला लावणं वेगळं

"फोन दे आणि लॉक पण काढ" असं पोलीस एका दमात म्हणतात आणि माणूस घाबरून दोन्ही करून मोकळा होतो, पण कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जप्तीचं सरळ आहे. फोनचा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 106 खाली पोलीस तो ताब्यात घेऊ शकतात, तिथे झटापट नको, उलट पंचनामा मागा, त्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) नीट लिहिलाय का बघा, कलम 105 प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ शूटिंगही व्हायला हवं. नाक्यावर नुसतं अडवून, गुन्हा नाही संशय नाही, आणि व्हॉट्सॲप उघड म्हणाले तर त्याला कलम 106 पुरत नाही.

लॉकचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे. घटनेच्या कलम 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, आणि पिन तर डोक्यात असतो, तो सांगणं म्हणजे डोक्यातली माहिती देणं. तरी कोर्टांचं एकमत नाहीये. कर्नाटक हायकोर्टाने 2021 मध्ये म्हटलं की कोर्ट पासवर्ड द्यायचा आदेश देऊ शकतं, तर दिल्ली हायकोर्टाने 2023 मध्ये म्हटलं की आरोपीवर अशी जबरदस्ती नाही करता येणार. म्हणजे दोन्हीकडून बघितलं तरी चौकीत नुसत्या दमदाटीवर पिन द्यायला तुम्ही बांधील नाही, "आधी वकिलाशी बोलतो साहेब" एवढं शांतपणे म्हणायचं.

अंगठ्याचं त्रांगडं वेगळंच. सुप्रीम कोर्टाच्या 11 न्यायाधीशांनी 1961 मध्ये काठी कालू ओघड खटल्यात सांगितलं की बोटांचे ठसे देणं ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, आणि 2022 मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय कोर्टाने तेच धरून पासवर्डची सक्ती नाकारली पण बायोमेट्रिक, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा, घेता येईल म्हटलं. मला हे अजिबात पटत नाही, तेव्हा ठसा घ्यायचे तो जुळवून बघायला, आज त्याच बोटाने माणसाचे फोटो, चॅट, बँक सगळंच उघडतं. पण कोर्टाने असं म्हटलंय, म्हणून ज्याला काळजी वाटते त्याने फिंगरप्रिंट आणि फेस लॉक बंद करून लांब पिन ठेवावा.

आणि हो, पोलीस येतायत म्हणून फोन फॉरमॅट मारू नका, चौकीतल्या दमदाटीवर पिन न देणं हा हक्क आहे, पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.