खंडीचा भाव आणि जगाचे नियम

धरणगाव, जळगावकडे जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, गाडी रिकामी होईपर्यंत कापसाचा भाव हलतो आणि शिव्या व्यापाऱ्याला बसतात. भावाची दोरी मात्र फार पूर्वीपासून खान्देशाबाहेर आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इकडे भाव चढले, पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं नि भाव गडगडले. दाद मागायला तेव्हा दारच नव्हतं.

ते दार हळूहळू उभं राहिलं. जगाच्या पैशाचे नियम ठरवायला १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला ४४ देश जमले. पारतंत्र्यातल्या भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुखही होते. जकात आणि व्यापाराचे नियम घालणाऱ्या १९४७ च्या गॅट करारावर पहिल्या २३ देशांत भारताची सही आहे. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेत तर तंटे सोडवायची रीतसर यंत्रणाच आली.

तिची ताकद आणि दुबळेपणा, दोन्ही कापसाच्याच खटल्यात दिसले. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देते त्या अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये संघटनेकडे गेला आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकला. ही साधी गोष्ट नव्हे. पण अमेरिकेने अनुदान गुंडाळलं नाही. ब्राझीलने बदल्यात जकात लावू नये म्हणून २०१० पासून वर्षाला सुमारे १४.७ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं, नि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन तंटा मिटवला. म्हणजे घरच्या शेतकऱ्याचं अनुदान टिकवायला परक्या शेतकऱ्याला पैसे! बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ पासून हेच गाऱ्हाणं मांडलं. त्यांच्याकडे ब्राझीलइतका दम नव्हता, त्यांना आश्वासनं मिळाली. आपल्या कापसाच्या हमीभावावर २०१८ मध्ये बोट ठेवलं तेही अमेरिकेनेच.

पुढे संघटनेच्या अपील मंडळावरच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. सुनावणीला किमान तीन सदस्य लागतात; डिसेंबर २०१९ मध्ये एकच उरला. तेव्हापासून वरचं कोर्ट बंदच आहे.

म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा अंतिम निकाल मिळेल अशी जागा नव्हती. त्याच महिन्यात, कापड उद्योगाला हातभार म्हणून, दिल्लीने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. खान्देशात वेचणी होते ती याच महिन्यांत.