गॉथिक कादंबरीतील भय व गुप्तता : रॅडक्लिफ आणि लुईस

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बहरलेल्या गॉथिक कादंबरीत पडके किल्ले, मठ, तळघरे आणि दडवलेली पापे हा ठरलेला ऐवज असतो. तो वापरण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा ॲन रॅडक्लिफ (१७६४–१८२३) व मॅथ्यू लुईस (१७७५–१८१८) यांच्या लेखनात दिसतात. रॅडक्लिफ गुपित वाचकापासून राखते. लुईस बहुतेक गुपिते वाचकाला आधीच सांगून टाकतो. ती लपलेली असतात ती कथेतल्या समाजापासून.

‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ (१७९४) या रॅडक्लिफच्या कादंबरीतील काळा पडदा प्रसिद्ध आहे. अ‍ॅपेनाइन डोंगरातल्या किल्ल्यात नायिका एमिली तो पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले, हे लेखिका सांगत नाही. ही घटना दुसऱ्या खंडातली. उलगडा होतो चौथ्या खंडाच्या अखेरीस. पडद्यामागे निघतो मेणाचा पुतळा, किडे लागलेल्या प्रेताच्या रूपातला, घराण्यातल्या एका पुरुषाला प्रायश्चित्त म्हणून रोज पाहायला लावलेला. वडिलांचे कागद जाळताना एमिलीची नजर ओझरती एका ओळीवर जाते, तीही वाचकाला दिसत नाही. रॅडक्लिफची भुते शेवटी अशीच माणसांची किंवा वस्तूंची निघतात. हा खुलासा पुष्कळांना फिका वाटतो आणि तो आहेही. पण तोवर शेकडो पाने धास्तीत गेलेली असतात.

लुईसने उडॉल्फो हेग येथे वाचली आणि विशीच्या आत, दहा आठवड्यांत आपण कादंबरी लिहिल्याचे आईला कळवले. ती ‘द मंक’ (१७९६). तिचा नायक माद्रिदचा लोकप्रिय धर्मोपदेशक अ‍ॅम्ब्रोसिओ. त्याच्या मठातला नवशिका रोसारिओ हा खरे म्हणजे माटिल्डा नावाची स्त्री, हे रहस्य लवकरच फुटते. पुढचे भय कळलेल्या गोष्टींचे आहे: बुरख्याआडचा ढोंगीपणा, खून, बलात्कार, आणि तळघरात मेलेल्या बाळाला कवटाळून बसलेली जोगीण अ‍ॅग्नेस. सैतान इथे खराच येतो. आपण आईला मारले आणि बहिणीवर अत्याचार करून तिचाही जीव घेतला, हे अ‍ॅम्ब्रोसिओला सैतानच शेवटी सांगतो. पुस्तकावर ओरड झाली. १७९८ च्या आवृत्तीत लुईसने काटछाट केली.

‘दि इटालियन’ (१७९७) ही लुईसला रॅडक्लिफने दिलेली उत्तरादाखल कादंबरी मानली जाते. तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापलेल्या निबंधात टेरर आणि हॉरर यांतला भेद येतो: पहिल्याने मन विस्तारते आणि जागे होते, दुसऱ्याने ते आकसते, गोठते. आपल्याकडच्या वाचकाला यावरून भयानक व बीभत्स हे दोन रस आठवतील. जोडी नेमकी जुळत नाही, तरी अ‍ॅग्नेसचे तळघर बीभत्साच्याच बाजूला पडते.

जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’त (डिसेंबर १८१७) रॅडक्लिफ आणि लुईस या दोघांचेही वाचक भेटतात. बढाईखोर जॉन थॉर्प कादंबऱ्यांना नावे ठेवतो, ‘द मंक’ मात्र वगळून. नायिका कॅथरीन उडॉल्फोतल्या काळ्या पडद्यापर्यंत पोचली आहे. मागे सांगाडाच असणार अशी तिची खात्री आहे, पण मैत्रिणीने काही सांगितलेले तिला मुळीच नको आहे.