कोकणात पानं थंडीने गळत नाहीत

'ऑक्टोबरात थंडी पडते, म्हणून पानं गळतात' असं बालवाडीच्या तक्त्यांवरून मुलांना सांगितलं जातं. ते युरोपातलं चित्र, आणि तिथेही मोठा इशारा दिवस लहान होण्याचा. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे भातकापणी आणि घाम! साग, ऐन ही झाडं पानं टाकतात ती थंडी सरताना, पाणी वाचवायला.

मुलांना दाखवायचंय? उन्हातल्या पानांनी भरलेल्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधा. काही वेळात आत थेंब जमतात, ते पानांतून बाहेर पडलेलं पाणी; पानं टाकली की तेच वाचतं. मग सागाचं गळलेलं पान उचलून देठाचं टोक बघायला द्या. साफ, कोरडं. हिरवं ओरबाडलं तर बहुधा साल सोलून येते. म्हणजे देठाशी पेशींचा थर बनवून झाडच पान सोडतं, वारा नुसता निमित्त.

'मग आंबा-फणसाचं काय?' तेही टाकतात, पण थोडी थोडी. म्हणून तर अंगण रोज झाडावं लागतं.