वॉटरप्रूफ ऑनिंग पावसाळाभर उघडी ठेवता येते?

‘कापड वॉटरप्रूफ आहे, पावसाळाभर उघडी राहू द्या.’ गच्चीवरच्या बागेसाठी गुंडाळती ऑनिंग, म्हणजे भिंतीवरून हवं तेव्हा पुढे ओढायचं कापडी छत, घेताना मुंबईत हे हमखास ऐकू येतं. खरं नाही ते. पाणी झिरपत नाही म्हणूनच तर कापडावर साचतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तीन बाय दोन मीटरच्या ऑनिंगवर ५० मिलिमीटर कोसळला की ३०० लिटर; उतार कमी असेल तर त्यातलं बरंचसं मधल्या झोळात आणि भार सगळा कापड ताणून धरणाऱ्या दुमडत्या हातांवर. शिवाय वारा खालून कापड उचलतो ते वेगळंच.

उतार निदान १४ अंशांचा ठेवा, तोही हलक्या सरींपुरता. जोर वाढला की गुंडाळायची. ओली गुंडाळली तर उघडीप मिळताच वाळवायची, नाहीतर बुरशी आलीच.

ऑनिंगचं खरं काम उन्हाचं. मेच्या मध्याला मुंबईत दुपारी सूर्य थेट डोक्यावर, तेव्हा सावली झकास. चारनंतर मात्र पश्चिमेचं तिरपं ऊन खालून शिरतं. त्यासाठी आणखी लांब ऑनिंगवर पैसे घालवण्यापेक्षा पुढच्या दांड्याला खाली सोडता येणारा पडदा लावून घ्या.