चांगल्या हाताला मोजा

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे सीपी. यात अगदी लहानपणीच मेंदूला इजा होते आणि हालचाली नीट जमत नाहीत. उजवी बाजू आखडलेली. अडीच वर्षांचा असताना थेरपिस्ट ताईंनी त्याच्या चांगल्या, डाव्या हातावर मोजा चढवला आणि समोर ताटलीत कुरमुरे ठेवले. पोरगं आधी रडलं, मग दाताने मोजा ओढून बघितला, शेवटी उजव्या मुठीत एक कुरमुरा चिरडला आणि दुसरा कसाबसा तोंडापर्यंत नेला. माझ्या बहिणीला बघवेना. पण जो हात वापरलाच जात नाही त्याचं मेंदूतलं वायरिंगही कच्चंच राहतं, म्हणून हा जुलूम.

सीपीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही. तरी एकाच गावातली दोन सीपीची मुलं वेगवेगळी का वाढतात? इजा कुठे आणि किती हे पहिलं कारण अर्थातच. १९९७ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत हालचालींवरून मुलांचे पाच गट पाडले, पहिला सौम्य, पाचवा सगळ्यात गंभीर. नंतर ओंटारिओतल्या ६५७ मुलांवर नजर ठेवली तर दिसलं की बसणं-चालणं वगैरेत मुलाची जेवढी मजल असते त्यातली ९० टक्के पहिल्या गटात साधारण पाच वर्षांपर्यंत गाठली जाते, आणि पाचव्या गटात तीन वर्षांच्याही आतच! त्यामुळे "आमचा बाब्या पण उशिराच चालला, थांबा जरा" म्हणणारे नातेवाईक मला अजिबात आवडत नाहीत. हां, हे फक्त मोठ्या हालचालींचं, बोलणं, शिकणं, हाताची कामं याचा हिशोब वेगळा.

बाकीच्या गोष्टी घरात लवकर लक्षातच येत नाहीत. फिट्स कंट्रोलमध्ये नसतील तर शिकलेलं टिकत नाही, ऐकू नीट येत नसेल तर पोर "मंद" ठरतं, गिळायला त्रास होत असेल तर एका जेवणाला तास जातो आणि वजन काही वाढत नाही, मग व्यायामाला ताकद कुठून आणणार? खुबा हळूहळू सरकतो, साधारण तीनातल्या एका मुलाचा, आणि दुखत असलं तरी लहान पोराला सांगता येत नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढायचा.

आणि मालिश? करा की, पोराला बरं वाटतं. पण मालिशमध्ये हलतो तो आजीचा हात, पोराचा नाही.

आता भाच्याला मोजा दिसला की तो डावा हात आधीच पाठीमागे लपवतो.