ग्रोनिंगेनच्या गॅसची खरी किंमत किती?

कुठे नवा गॅसचा साठा सापडला की दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये आकडा येतो, अमुक इतक्या लाख कोटींचा खजिना. हा आकडा बहुतेक वेळा एका साध्या गुणाकाराने काढलेला असतो, जमिनीत गॅस किती आहे गुणिले आज बाजारात भाव काय आहे. हा गुणाकार किती फसवतो हे बघायचं असेल तर नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन बघावं, कारण तिथे साठा सापडण्यापासून तो कायमचा बंद होईपर्यंतचा सगळा हिशोब आज आपल्यासमोर आहे.

जुलै १९५९ मध्ये स्लोख्टेरेन गावाजवळ शेतात बोअर मारला आणि गॅस लागला. सुरुवातीचा अंदाज होता साधारण ६० अब्ज घनमीटर. पुढे जसजशा आजूबाजूला विहिरी खोदल्या तसतसं कळत गेलं की लांबलांबच्या विहिरींमध्ये लागलेला गॅस एकाच साठ्याचा आहे, आणि आकडा वाढत वाढत २,८०० अब्ज घनमीटरपर्यंत गेला. युरोपातला तो सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक. तेव्हा पहिली गोष्ट ही की "साठा" हा आकडाच मुळात स्थिर नसतो. जमिनीत एकूण गॅस किती आहे हे वेगळं आणि आजच्या तंत्राने, आजच्या भावात परवडेल असा किती काढता येईल हे वेगळं, आणि रिझर्व्ह म्हणतात ते फक्त दुसऱ्याला. आपल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ या गॅसक्षेत्राचं उलटं झालं. २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, रोज ८ कोटी घनमीटरची तयारी होती, २०१० मध्ये ६ कोटींच्या आसपास पोचलं, आणि मग विहिरींमध्ये पाणी आणि वाळू यायला लागली, काही वर्षांत उत्पादन त्याच्या पाव हिश्श्याच्याही खाली आलं.

आता भावाकडे या. ग्रोनिंगेन बंद झालं तेव्हा आत अजून सुमारे ४५० अब्ज घनमीटर गॅस होता असं मानतात. एका घनमीटरमध्ये ढोबळमानाने १० युनिट ऊर्जा धरा. २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडच्या काळात, युरोपात गॅसचा भाव १,००० युनिटला ५ युरोच्या आसपास होता, म्हणजे घनमीटरला ५ सेंट, त्या हिशोबाने या उरलेल्या गॅसची किंमत झाली साधारण २२ अब्ज युरो. ऑगस्ट २०२२ मध्ये, युक्रेन युद्धात रशियाचा गॅस आटल्यावर, तोच भाव ३०० च्या वर गेला, म्हणजे तोच गॅस साडेतेराशे अब्ज युरोंचा! खडकात एका कणाचाही फरक नाही आणि किंमत साठपट, तीही दोनेक वर्षांत. म्हणून सांख्यिकी खाती देशाच्या ताळेबंदात गॅस मांडताना असा गुणाकार करत नाहीत. दरवर्षी किती निघेल, काढायचा खर्च वजा जाता किती उरेल, आणि ते पुढच्या वर्षांमधले पैसे आज किती मोलाचे, असं धरतात. पण त्यातही उद्याचा भाव गृहीतच धरावा लागतो.

आणि उद्याबद्दलचं गृहीतक चुकलं की काय होतं तेही इथेच दिसतं. १९६० च्या दशकात तिथल्या लोकांना खात्री होती की अणुऊर्जा लवकरच इतकी स्वस्त होईल की गॅसला कोणी विचारणार नाही, म्हणून तो आत्ताच विकून टाकलेला बरा. त्यांनी दणक्यात पाईपलाईन टाकल्या, १९६८ पर्यंत जवळजवळ सगळा देश गॅसवर आणला, जर्मनी, बेल्जियम, फ्रान्सशी लांब मुदतीचे करार केले, दक्षिणेतल्या लिम्बुर्गच्या कोळसा खाणी बंद करायचं १९६५ मध्येच जाहीर केलं. मग १९७३ चं तेलसंकट आलं, भाव भडकले, आणि जुन्या करारांचे दर बदलून घेण्यासाठी सरकारला धावपळ करावी लागली.

पैसा तरी प्रचंड आला. २०२३ च्या संसदीय चौकशीत आकडा आला, सरकारला साठ वर्षांत ३६० अब्ज युरोंहून जास्त मिळाले. त्यातला बराचसा रोजच्या सरकारी खर्चात गेला. मला वाटतं खरी चूक इथे आहे, कारण गॅस विकून आलेला पैसा हे उत्पन्न नसतंच, घरातली जमीन विकून आलेल्या पैशासारखं ते आहे, एक संपत्ती गेली आणि तिच्या जागी रोकड आली एवढंच. नॉर्वेने हे ओळखलं. १९९० मध्ये या पैशाच्या वेगळ्या फंडाचा कायदा केला, १९९६ पासून तेल-गॅसचा पैसा त्यातून परदेशात गुंतवायला सुरुवात केली आणि खर्चाला फक्त त्यावरचा अपेक्षित परतावा घ्यायचा, आधी ४ टक्के आणि २०१७ पासून ३ टक्के, असा नियम ठेवला. २०१७ मध्येच तो फंड १ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला. परदेशातच गुंतवण्याचंही कारण आहे, निर्यातीचा पैसा सगळा देशात ओतला की चलन महाग होतं आणि बाकीच्या कारखान्यांचा माल बाहेर खपत नाही. नेदरलँड्समध्ये नेमकं तेच झालं, त्याला १९७७ मध्ये "डच डिसीज" असं नाव पडलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच गुणाकारात नव्हतं. गॅस साधारण ३ किलोमीटर खाली वाळूच्या दगडात, कणांमधल्या बारीक फटींमध्ये कोंडलेला होता, वर मिठाच्या जाड थराचं झाकण. सुरुवातीला दाब होता ३५० बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण ३५० पट. गॅस काढत गेलं की हा दाब उतरतो, पण वरच्या ३ किलोमीटर खडकाचं वजन तेवढंच राहतं, मग ते वजन वाळूच्या कणांवर येतं, कण एकमेकांवर दाबले जातात आणि थर आक्रसतो. सगळीकडे सारखा आक्रसला असता तर जमीन हळूहळू खचली असती एवढंच (तशी ती मध्यभागी ३० सेंटीमीटरहून जास्त खचलीच). पण त्या थरात जुने शेकडो फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा आहेत, त्यांच्या दोन बाजू कमीजास्त आक्रसतात, ताण साठतो आणि एक दिवस सुटतो. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे गावात ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा लहान वाटेल, पण केंद्र फक्त ३ किलोमीटर खाली, वर मऊ चिकणमाती, आणि तिच्यावर विटांची जुनी घरं, ज्यांच्यात भूकंपाचा विचार कोणी केलेलाच नव्हता. भिंतींना तिरके तडे गेले, घरांना बाहेरून लाकडी टेकू लावावे लागले, आणि भरपाईसाठी माणसं वर्षानुवर्षं कागदपत्रं घेऊन फिरत राहिली. इतकं होऊनही पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथून ५० अब्ज घनमीटरपेक्षा जास्त गॅस काढला. हे वाचून आजही राग येतो.

शेवटी या भूकंपांपायीच ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबलं आणि एप्रिल २०२४ मध्ये कायद्याने ते कायमचं बंद झालं. म्हणजे ते ४५० अब्ज घनमीटर आज देशाच्या संपत्तीत शून्य धरायचे. धक्के मात्र अजून येतात, कारण साठ्याच्या वेगवेगळ्या भागांमधला दाब सारखा व्हायला बरीच वर्षं लागतात. आणि ३६० अब्जांसमोर मांडायला आता दुसरी बाजूही आहे, २०२३ मध्ये सरकारने या भागासाठी पुढच्या ३० वर्षांत २२ अब्ज युरो द्यायचं ठरवलं, घरं मजबूत करायला, नुकसान भरायला आणि तिथल्या माणसांना सावरायला.