गजकर्णाची लाल कडा

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उभ्या असलेल्या कामगाराच्या कमरेला, काखेत आणि जांघेत तेव्हा घाम मुरलेलाच असतो, आणि औषधांच्या दुकानात खाजेची ट्यूब मागणारी माणसे नेहमीपेक्षा अधिक दिसू लागतात. यातील अनेकांना गजकर्ण झालेले असते. त्याचा चट्टा कोणालाही ओळखता येतो: कडेला लाल, किंचित उंच आणि कोंडा धरलेला, तर मधोमध बऱ्यापैकी निवळलेला. ही कड्यासारखी आकृती का उमटते, हे समजून घेतले तर बुरशी शिरल्यावर आपल्या रोगप्रतिकारक पेशी काय करतात, याचा बराचसा उलगडा होतो.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते आणि तेथील केराटिन या प्रथिनावर जगते. या थरापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत, त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशींना तिचा सुगावा थेट लागत नाही. तो लागतो थराखालच्या जिवंत त्वचापेशींना आणि त्यांच्यामध्ये फांद्या पसरून बसलेल्या लँगरहॅन्स पेशींना. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखरेची लांब साखळी असते, जी मानवी पेशींमध्ये मुळीच नसते. ही साखळी ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राहक रेणू अनेक रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर असतो, हे २००१ साली स्पष्ट झाले. परके काही आल्याची खूण पटली की पेशी रासायनिक संदेश सोडतात, खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे जमू लागतात आणि त्वचा आपला वरचा थर नेहमीपेक्षा वेगाने झाडून टाकू लागते. लाली, खाज आणि कोंडा या साऱ्या याच हालचालीच्या खुणा आहेत. मधली जागा अशी हळूहळू साफ होत असताना बुरशी बाहेरच्या ताज्या केराटिनकडे सरकते, पेशींचा जोरही तिकडेच वळतो, आणि म्हणून कडे तयार होते.

न्यूट्रोफिल पेशी बुरशीचा बारीक बीजाणू गिळू शकते, पण तिच्या कितीतरी पट लांब वाढलेला तंतू तिला गिळता येत नाही. अशा वेळी ती जे करते ते मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. ती आपल्या केंद्रकातील डीएनएचे धागे उसवून बाहेर फेकते आणि जंतुनाशक प्रथिने चिकटलेल्या त्या जाळ्यात शत्रूला अडकवते. बहुतेक वेळा यात तिचा स्वतःचाही अंत होतो. ही जाळी प्रथम २००४ साली वर्णिली गेली. पुढे २०१४ साली असेही दिसून आले की समोरचा जंतू गिळण्याजोगा आहे की नाही, याचा अंदाज घेऊनच न्यूट्रोफिल हा मार्ग धरते.

दरम्यान लँगरहॅन्स पेशी बुरशीचे अंश घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच ग्रंथींना. तेथे टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्या विशिष्ट बुरशीसाठी तयार होतात आणि त्यांच्यातील काही इंटरल्यूकिन-१७ हा संदेश सोडून आणखी न्यूट्रोफिल बोलावून घेतात. ही साखळी किती मोलाची आहे, ते डेक्टिन-१ चा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारे कार्ड-९ हे प्रथिन जन्मतः सदोष असलेल्या माणसांकडे पाहिले की कळते. उत्तर आफ्रिकेतील अशा काही कुटुंबांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात हीच त्वचेवरची बुरशी खोल ऊतींत शिरली होती आणि काहींचा त्यात मृत्यू झाला.

आता त्या खाजेच्या ट्यूबकडे वळू. बाजारातील अनेक मलमांत बुरशीरोधक औषधाबरोबर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइड वर सांगितलेले रासायनिक संदेशच दाबून टाकते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि माणसाला बरे वाटते. बुरशी मात्र जागेवरच असते, आणि तिला अडवणाऱ्या पेशी आता येत नाहीत. चट्टा पसरतो, त्याची रेखीव कडा पुसट होते, आणि डॉक्टरांनाही हे गजकर्णच आहे हे पटकन ओळखू येत नाही. भारतात गेल्या काही वर्षांत चिवट गजकर्ण वाढले, त्यामागे त्वचारोगतज्ज्ञ या मलमांच्या गैरवापराकडे एक महत्त्वाचे कारण म्हणून बोट दाखवतात. त्यातच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे. २०२० साली हे नाव मिळालेल्या या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही, त्यामुळे पेशींची साथ अधिकच गरजेची ठरते.

म्हणून गजकर्ण झाल्यास ट्यूबवरील घटकांची नावे वाचावीत आणि स्टिरॉइड आढळल्यास ती परस्पर लावू नये. अंग पुसायचा टॉवेल घरात प्रत्येकाचा वेगळा असावा, तो रोज धुऊन सोलापूरच्या कडक उन्हात वाळवावा. लाली गेल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करावे, कारण मृत थरात उरलेले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते अंगावरून झडून जायला त्वचेला काही आठवडे लागतात.